मुक्कामाची जागा



थंडी पडू लागली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यावस्त्यांतून गाडीची बोलणी सुरू होतात. २५ डिसेंबरला महाड, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, जमल्यास पुढे वेरूळ-अजिंठा. दहा-बारा घरे वर्गणी काढतात, जीप नाही तर टेम्पो ठरतो, चपाती-चटणीचे डबे बांधले जातात. भाड्यासाठी चार-चार बैठका होतात. पण रात्री बायकापोरांना घेऊन पाठ कोठे टेकायची, याचा विचार कोणी करीत नाही. ‘बघू वाटेत’ म्हणत गाडी सुटते आणि मग जागा ड्रायव्हर ठरवतो. ज्या ढाब्यावर त्याला फुकट जेवण मिळते, तेथे तो गाडी उभी करतो!

बांधवांनो, मुक्कामाची जागा ही आपल्या समाजासाठी कधीच साधी बाब नव्हती. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवरून बैलगाडीने गोरेगावला वडिलांकडे निघाले. रात्र टोलनाक्यापाशी काढावी लागली. आपण मुसलमान आहोत असे सांगूनही प्यायला पाणी मिळाले नाही. अन्नाचे डबे भरलेले असताना ती मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात मंडपाला जागा देईना कोणी. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. धरमतरच्या मोटारवाल्यांनी नकार दिल्यामुळे बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले. आज आपण भाड्याच्या का होईना, आपल्या गाडीत बसून त्याच महाडला जातो. मग जागा आपणच पारखून घ्यायला नको काय?

पहिली गोष्ट पाण्याची. नदीकाठची सपाट वाळू पाहिली की आपली मंडळी हरखतात. स्वयंपाकाला पाणी, आंघोळीला पाणी, मुलांना खेळायला जागा. पण नदीचे पात्र ही नदीची जागा आहे. राजस्थानात आणि अरबस्तानात वाळवंटातून गाड्या हाकणारे लोकसुद्धा कोरड्या ओढ्यात कधी तंबू ठोकत नाहीत. पाऊस दूर डोंगरात पडतो आणि लोंढा येथे येतो. आपल्याला हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ आपण विसरलो नाही. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींतून काढावे लागले. आगगाडीची ती गत, तर आपल्या टेम्पोची काय कथा?

आणि हिवाळा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. महाडच्या वाटेवर कोलाडला कुंडलिका लागते. भिऱ्याच्या वीज केंद्राकडून सोडलेले पाणी सकाळी नदीला येते. त्याच पाण्यावर तेथे रबरी होड्यांचा खेळ चालतो. आभाळात ढग नसताना नदी चढते ती अशी. म्हणून काठावरच्या झुडपांकडे नजर टाकावी. फांद्यांत गवताच्या काड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसल्या तर पाणी तेथवर चढले होते असे समजावे. मुक्काम त्या खुणेच्याही बराच वर. पाणी हंड्याने आणता येते.

आपल्या भिक्खू संघाने हे दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास करायचा, आणि ती जागा कशी? कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत. उल्हास नदी त्याच खोऱ्यातून निघते. पण लेणी ओढ्याच्या तोंडाशी नाहीत, वर कातळात आहेत. कान्हेरीला जागोजागी पोढी खोदलेल्या आहेत, पावसाचे पाणी त्यांत साठते. व्यापारी वाट फार दूर नाही, म्हणजे भिक्षा मिळते. पण बाजाराचा गोंगाटही कानाशी नाही. सहलीत लेण्यांपुढे फोटो काढतो तेव्हा ही निवडही मुलांना दाखवावी. लेण्यांत मुक्काम मात्र करू नये, ते कायद्याने संरक्षित वारसास्थान आहे. कड्यावर आग्या मोहोळ असते. अगरबत्तीचा, चुलीचा धूर त्याला चालत नाही. वनखात्याच्या हद्दीत थांबायचे तर परवानगी लागते.

दुसरी गोष्ट आमच्या भगिनींची. पुरुष मंडळी कोठेही उघड्यावर जाऊन येतात. बाईला रात्रभर कळ काढावी लागते, म्हणून ती दुपारपासून पाणीच पीत नाही. संडासाची सोय, दिवा आणि जवळ घरे नसतील तर ती जागा कितीही सुंदर असो, आपल्या कामाची नाही. आमचे स्पष्ट मत आहे की जागा पसंत करण्याचा अखेरचा शब्द बरोबरच्या स्त्रियांचा असावा. वाटेतल्या गावात बुद्धविहार असेल तर आठ दिवस आधी निरोप धाडावा. तेथील बांधवही आपल्यासारखेच कष्टकरी आहेत. पंचवीस माणसे अचानक त्यांच्या दारात उतरवू नयेत. शिधा आपला, झाडलोट आपली, आणि विहाराच्या पेटीत दान. विहार नसेल तर ग्रामपंचायतीला विचारून शाळेचा व्हरांडा मागावा. मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

कच्च्या रस्त्याने आत जायचे झाल्यास आधी दोघांनी पायी जाऊन यावे. मुरूम टाच रोवून पाहिला तर कळतो. काळी माती अवकाळी पावसाच्या एका सरीने चाके धरून ठेवते. डांबरी रस्त्याच्या कडेला अंथरूण मुळीच टाकू नये. झोप आलेल्या ट्रकवाल्याला अंथरुणातली माणसे दिसत नाहीत. घाटातही थांबू नये, माळशेजला तर नाहीच. वाळल्या गवतात स्टो पेटवू नये. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवणे किंवा काचा लावून इंजिन चालू ठेवणे म्हणजे मृत्यूला बोलावणे; तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो.

ड्रायव्हरचे अंथरूण सर्वांपासून बाजूला, शांत जागी घालावे. त्याला गाण्याच्या कार्यक्रमाला बसवू नये, आणि ‘थोडी घेतली तर काय’ म्हणणाऱ्याच्या पंगतीला तर नाहीच. पाचवे शील त्यालाही आहे, आपल्यालाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला जागेवर पोहोचावे, म्हणजे उजेडात दगड उलथून विंचू पाहता येतो, मुलांना सीमा दाखवता येते. चपला रात्री उलट्या करून ठेवाव्यात, सकाळी झटकून घालाव्यात. गाडीचे तोंड रस्त्याकडे करून लावावी आणि किल्ली कोठे ठेवली आहे, हे निदान तिघांना ठाऊक असावे.