पडदा गावाचा, कॅमेरा कोणाचा?

15 नोव्हेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी जगभरातील चित्रपट दिग्दर्शक व कलावंतांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. चित्रपटकलेला 130 वर्षे पूर्ण होत असताना झालेल्या ह्या भेटीत पोप महोदयांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले. शहरांतून आणि वस्त्यांतून चित्रपटगृहे नाहीशी होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर माणसांनी एकत्र बसण्याची एक जागाही नाहीशी होत आहे, ह्याबद्दल त्यांनी खंत व्यक्त केली. चित्रपटगृहाला त्यांनी समाजाच्या धडधडत्या हृदयाची उपमा दिली. वृत्तपत्रांनी मात्र पाहुण्यांची नावे व पोप महोदयांचे आवडते चित्रपट छापून बातमी संपवली. आम्हांस ती बातमी अमरावती जिल्ह्याच्या, त्यातही नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावाच्या अंगाने वाचावीशी वाटते. जिथे माणसे एकत्र बसून चित्रपट पाहत नाहीत, तिथे नफ्याची अपेक्षा न ठेवता चित्रपटाचे काम करणारी संस्था लोकांच्या नेमकी कोणत्या उपयोगाची, हा आमचा प्रश्न आहे.

चित्रपटाशी ख्रिस्तसभेचे नाते जुने आहे आणि ते नेहमीच सुखाचे होते असे नाही. 1936 साली पोप पायस अकरावे ह्यांनी चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढले, तेव्हा त्यातील मुख्य सूर पहाऱ्याचा होता. अश्लील चित्रपटांपासून श्रद्धावंतांना कसे वाचवावे, ही त्या काळची काळजी होती. 'सिनेमा पारादिसो' ह्या 1988 च्या इटालियन चित्रपटातील धर्मगुरू आधी एकटे बसून चित्रपट पाहतात आणि चुंबनाचे दृश्य आले की घंटा वाजवून ते कापायला लावतात. ते विनोदी चित्र वास्तवापासून फार दूर नव्हते. परंतु त्याच इटलीत धर्मग्रामांनी आपल्या सभागृहांत हजारो पडदे उभारले होते, हेही विसरून चालणार नाही. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सामाजिक संपर्क साधनांवरील हुकूमनामा संमत केला आणि पहाऱ्याची भाषा हळूहळू सहभागाच्या भाषेत बदलली. 1967 पासून दरवर्षी पाळला जाणारा जागतिक संपर्क दिन त्याच हुकूमनाम्याचे फळ आहे.

आपल्याकडे तर चित्रपटाची गोष्टच प्रभू येशूच्या जीवनपटापासून सुरू होते. मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके ह्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले आणि पुढे 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, हे सर्वश्रुत आहे. एका समाजाची कथा पडद्यावर पाहून दुसऱ्या समाजाला आपली कथा सांगावीशी वाटली. चित्रपटाचे सामर्थ्य ह्याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही, आणि आमच्या विषयाचे बीजही ह्याच प्रसंगात आहे.

महाराष्ट्रात ना-नफा तत्त्वावर चित्रपटाचे काम प्रथम फिल्म सोसायट्यांनी केले. 1959 साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली आणि सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघाले. ह्या चळवळीत आयुष्य घालवणारे सुधीर नांदगावकर 2023 साली निवर्तले. जगातले उत्तम चित्रपट मराठी माणसाला मराठीतून समजावून सांगता येतात, हे त्यांनी रसास्वाद शिबिरांतून दाखवून दिले. मंडळाचे 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक मराठीतल्या गंभीर चित्रपटलेखनाला हक्काची जागा ठरले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर ह्यांच्या नावाने चालणारी फिल्म सोसायटी आणि पुण्याचा आशय फिल्म क्लब ही त्याच कुळातली. सभासदांची वर्गणी, भाड्याचे सभागृह, चित्रपटानंतरची चर्चा, आणि कारभार पाहणारे बिनपगारी चार-पाच लोक, एवढ्या भांडवलावर ह्या संस्था वर्षानुवर्षे टिकल्या.

त्यांची सेवा निःसंशय मोठी आहे. तरीही ती प्रामुख्याने शहरी सुशिक्षितांची राहिली, हे नमूद केले पाहिजे. वऱ्हाडात चित्रपटाची आवड कमी होती असे कोणी म्हणू नये. चित्रपट व्यवसायाच्या नकाशावर 'सीपी बेरार' हा स्वतंत्र विभाग ब्रिटिश प्रांताचे नाव आजही बाळगून आहे, त्याच्या वितरकांची संघटना भुसावळला आहे आणि वितरणाच्या ह्या व्यापारात अमरावतीचेही नाव होते. यात्रा-जत्रांतून तंबूतल्या टूरिंग टॉकीज फिरत. त्यांच्या अखेरच्या दिवसांवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात गौरवला गेला. म्हणजे पडदा गावापर्यंत येत होता. चित्रपटावर बोलण्याची सवय मात्र त्या तंबूत शिरली नाही, कारण तंबूवाल्याला पुढचा खेळ लावायचा असे.

मग कॅमेरे आले. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा ही ती नावे तेव्हा देशभर कर्ज आणि आत्महत्या ह्या दोनच शब्दांशी जोडली गेली. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या कापसाच्या गावांत शिरल्या. त्यांतले काही काम फार मोलाचे होते. पी. साईनाथ ह्यांच्या वार्तांकनाचा मागोवा घेणारा दीपा भाटिया ह्यांचा 'नीरोज गेस्ट्स' आणि सतीश मनवर ह्यांचा वऱ्हाडी बोलीतला 'गाभ्रीचा पाऊस', हे दोन्ही चित्रपट 2009 चे, आम्ही आदराने आठवतो. पण ज्या बाईच्या दारात कॅमेरा उभा राहिला, तिला पुढे ते चित्रण कोणी दाखवले का? कपाळ मोकळे झालेली बाई, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, कडेवरचे लेकरू, ही चौकट इतक्यांदा टिपली गेली की तिचे दुःख तिचे राहिलेच नाही. तिला काय सांगायचे होते, हे क्वचितच कोणी विचारले. सावकाराचे नाव, बियाण्याचा दर, पीककर्जासाठी बँकेत घातलेल्या फेऱ्या, सासरच्यांनी सातबाऱ्यावर तिचे नाव लावू दिले की नाही, हे तिचे विषय होते. दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाला त्यापेक्षा तिचे अश्रू लवकर समजत होते.

ह्याला दुसरा रस्ता आहे, आणि तो दाखवणाऱ्या बायका आपल्या शेजारच्या तेलंगणात आहेत. जहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ह्या संस्थेच्या महिला संघांनी 2001 च्या सुमारास आपले माध्यम केंद्र उभारले. बहुतेक जणी दलित, शेतमजूर किंवा अल्पभूधारक, आणि कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांनी कॅमेरा शिकताना त्याचे व्याकरण स्वतःच्या भाषेत बसवले. वरून खाली पाहणाऱ्या चित्रणाला त्या 'पटेल शॉट' म्हणतात, कारण जमीनदार असाच पाहतो. खालून वर पाहणारा तो गड्याचा, गुलामाचा. आणि समोरासमोर, डोळ्याच्या रेषेत घेतलेला तो 'संघम शॉट', जिथे सगळे एका सतरंजीवर बसलेले असतात. चित्रपटशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत कॅमेऱ्याच्या नीतीवर ह्याहून नेमके काही आमच्या वाचनात आलेले नाही.

त्यांचे काम नुसते कौतुकाचे नाही. 2002 साली भारतात बीटी कपाशीला मान्यता मिळाली. त्यानंतर ह्या बायकांनी वरंगळ भागातील कापूस उत्पादकांकडे हंगामामागून हंगाम जाऊन खर्च, उतारा आणि तोटा टिपला व त्यावर माहितीपट केले. त्यांच्या निष्कर्षांशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. बीटी कपाशीवर शास्त्रज्ञांत आजही दुमत आहे आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानेही ते बियाणे आपण होऊन उचलले. पण प्रश्न शेतकरी बाईने शेतकऱ्याला विचारला, उत्तर तिला कळत होते, आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा त्याच बांधावर आली. बाहेरून आलेला कोणताही चित्रपटवाला तीन हंगाम थांबत नाही.

दुसरे उदाहरण गोव्याचे. जेसिका मेबेरी आणि स्टॅलिन के. ह्यांनी 2003 साली सुरू केलेली व्हिडिओ व्हॉलंटिअर्स ही संस्था तेथून काम करते. आरंभी तिने स्थानिक संस्थांच्या साह्याने गावागावांत छोटी चित्रण केंद्रे काढली. गावातलीच मुले-मुली एखाद्या विषयावर चित्रफीत करत, ती आसपासच्या वस्त्यांत मोठ्या पडद्यावर दाखवत आणि दिवा लागल्यावर पुढे काय करायचे ते गावकऱ्यांनाच ठरवायला लावत. 2010 पासून 'इंडिया अनहर्ड' ह्या उपक्रमात निरनिराळ्या राज्यांतले सामान्य लोक आपापल्या भागाचे वार्ताहर झाले. त्यांना चित्रफितीचे मानधन मिळे. त्या चित्रफितीमुळे बंद हातपंप सुरू झाला, रखडलेली मजुरी मिळाली, शाळेत शिक्षक आला, तर ते सिद्ध करणारी दुसरी चित्रफीतही करायची असे. संस्थेची आणि वार्ताहराची परीक्षा अशी गावातच होत असे. बंद पंप सुरू झाला की नाही, हे सगळ्या वस्तीला दिसते. तिथे अहवालातली गोड भाषा कामास येत नाही.

पैशाचा प्रश्न टाळून मात्र ह्या कामाची चर्चा पूर्ण होत नाही. वर्गणीवर चालणारी फिल्म सोसायटी गरीब असते पण कोणाची मिंधी नसते. देणगीवर चालणारी संस्था मोठे काम उचलते आणि देणगीदाराचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे वळले की अडचणीत येते. सरकारी आश्रयाचीही खात्री नाही. मुलांपर्यंत चांगले चित्रपट नेण्यासाठी 1955 साली स्थापन झालेली बालचित्र समिती 2022 साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय व फिल्म्स डिव्हिजन ह्यांचेही तेच झाले. कारभाराची सोय म्हणून ह्याचे समर्थन होईल. परंतु तालुक्याच्या शाळेत मुलांसाठी चित्रपट लावायचा तर मुख्याध्यापकांनी आता कोणाचे दार ठोठवावे, ह्याचे सोपे उत्तर राहिलेले नाही.

कॅथलिक संस्थांनी ह्या क्षेत्रात काय केले? कोलकात्याला येशूसंघीय फादर गॅस्तों रोबेर्ज ह्यांनी 1970 साली 'चित्रबाणी' हे केंद्र काढले. कॅनडात जन्मलेला हा धर्मगुरू सत्यजित रायांचा स्नेही झाला, चित्रपट कसा पाहावा हे त्याने बंगालमधल्या पिढ्यांना शिकवले आणि 2020 साली तिथेच देह ठेवला. चित्रबाणीत येणाऱ्या विद्यार्थ्यांत ख्रिस्ती किती हा प्रश्न त्यांच्या कामात महत्त्वाचा नव्हता. मुंबईत 1969 पासून झेवियर संज्ञापन संस्था आहे. ही कामे महानगरांतली. आपल्या 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताचा विस्तार वऱ्हाडभर, भाविकांची संख्या अल्प, आणि मनुष्यबळ शाळा, दवाखाने व वसतिगृहांत गुंतलेले. त्यामुळे आजवर धर्मग्रामाच्या अंगणात पडदा लागला की बहुधा 'दयासागर'च लागे. त्या चित्रपटाबद्दल आम्हांस प्रेम आहे. पण अंगणात जमलेल्यांना आपली कथा सांगणे आणि त्यांना त्यांची कथा सांगू देणे ह्या दोन वेगळ्या सेवा आहेत, आणि दुसरी आपण अजून हाती घेतलेली नाही.

समजा, नांदगाव खंडेश्वरला असे एखादे मंडळ निघाले. अमरावतीहून यवतमाळकडे जाताना लागणारे हे गाव, त्याचे हेमाडपंती खंडेश्वर मंदिर, भोवतालचे सोयाबीन, तूर आणि कपाशी. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि जून 2025 मध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. कोणाची जमीन गेली, मोबदल्याचे पैसे कुठे गेले, ज्याचे वावर रस्त्याने दोन तुकडे केले तो आता पलीकडे कसा जातो, ह्यावर गावातल्या कोणी कॅमेरा धरला तर तो चित्रपट पुण्या-मुंबईच्या कोणालाही करता येणार नाही असा होईल. साधने महाग राहिलेली नाहीत. चित्रण मोबाइलवर होते आणि प्रोजेक्टर बऱ्याच शाळांत धूळ खात असतो. वेळेचे गणित मात्र शेतीच्या कलाने मांडावे लागेल. सोयाबीनची सोंगणी चालू असताना कोणी येणार नाही, आणि ज्याला ओलितासाठी रात्रीचीच वीज मिळते तो संध्याकाळच्या खेळाला थांबणार नाही. मोबाइलवरचा चित्रपट उचलून चौकात लावण्याची घाईही नको. त्याला हक्कधारकाची परवानगी लागते.

संशयाचे काय? ख्रिस्ती संस्थेने पडदा लावला की त्यामागे हेतू शोधला जाईल, हे आजचे वास्तव आहे. ह्यावर आम्हांस एकच उपाय दिसतो. मंडळ गावाचे असावे, त्याच्या कार्यकारिणीत ग्रामसेवा मंडळाचे भजनी असावेत, बौद्ध वस्तीतल्या मुली असाव्यात, मशिदीजवळचा शिक्षक असावा, आणि धर्मग्रामाने खोली, वीज व एखादा प्रशिक्षक देऊन मागच्या बाकावर बसावे. ह्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन, लोकांना प्रश्न विचारीत कीर्तन केले. समोरच्याला बोलते करण्याची ती रीत इथल्या मातीला नवी नाही.

आणि विधवेच्या दारात पुन्हा कॅमेरा न्यायचा असेल, तर पहिली अट अशी असावी की चित्रण आधी तिला दाखवायचे, आणि ती म्हणेल तो भाग कापायचा.