जावरची खाण आणि आपले रान



घरातला पितळी हंडा, छपरावरचा पत्रा आणि कृषी सेवा केंद्रातली झिंक सल्फेटची पिशवी या तिन्हींत एक धातू आहे. तो म्हणजे जस्त. देशातले बहुतेक जस्त राजस्थानातून येते. तिथे उदयपूरच्या दक्षिणेला जावर ही शिशाजस्ताची फार जुनी खाण आहे.

जावरच्या डोंगरात तीन खनिजे एकमेकांत गुंतलेली सापडतात. गॅलेना करडे, चकाकणारे आणि वजनाला जड, ते शिशाचे. स्फॅलेराइट जस्ताचे, पण त्याच्याच पोटात थोडे कॅडमियम असते. तिसरे पायराइट, लोखंड आणि गंधकाचे. सोन्यासारखे पिवळे दिसून नवख्याला फसवणारे. पिकाला हवे ते जस्त आणि अंगाला विष असणारे शिसे व कॅडमियम, सगळे एकाच दगडात.

यातून जस्त वेगळे काढणे अवघड. ९०७ अंशांना त्याची वाफ होते आणि हवा लागली की राख. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या. एका भट्टीत ३६ मुशी उलट्या लावल्या आणि वाफ खाली उतरवून थंड केली. किमान सहाशे वर्षांपूर्वी हे काम तिथे मोठ्या प्रमाणावर चालत होते. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. वापरलेल्या मुशींचे ढीग आजही जावरला पडलेले आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंती बांधल्या. पेटंट घेणाऱ्याचे नाव पुस्तकात आहे, मुशी घडवणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत ही कथा कशाला? खाणवाल्याचा एक धडा घेण्यासाठी. दगडात शेकडा किती जस्त आहे याची परीक्षा केल्याशिवाय तो खोदायला माणूस लावत नाही. आपले रानही जस्ताची खाणच आहे. ज्वारीच्या पोत्यातून, कडब्याच्या पेंडीतून, सरकीतून दर साली जस्त शेताबाहेर जाते. जाते ते ग्रॅमांतच, पण पिढ्यान्पिढ्या जाते आणि शेणखत कमी झाल्यापासून परत येत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जे उरते तेही मुळांच्या हाती लागत नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानांना बुडाकडे पांढरट पट्टे पडतात, कपाशीची पेरे आखूड राहतात, पाने बारीक होतात. आपण म्हणतो, यंदा पाऊस कमी पडला.

मग परीक्षा कोणी करायची? २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. तिच्या १२ घटकांत जस्त आहे, हे चांगलेच झाले. पण योजनेचे माप पाहा. बागायतीत अडीच हेक्टरांना एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरांना एक! दहा हेक्टरांत बरड येते, भारी काळी येते, चोपणही येते. शेजाऱ्याच्या मातीचा निकाल आपल्या नावाच्या कागदावर छापून मिळाला तर त्याला परीक्षा म्हणायचे काय?

दुसरा घाव पिशवीत आहे. झिंक सल्फेटच्या नावाखाली स्वस्त मॅग्नेशियम सल्फेट खपवले जाते. दिसायला दोन्ही सारखेच. थोडे डीएपी पाण्यात विरघळवून वरचे निवळ पाणी घ्या, त्यात झिंक सल्फेटचे पाणी ओता. दह्यासारखा दाट साका झाला तर जस्त आहे. साका धरला नाही तर संशय घ्या आणि पावतीसह खत निरीक्षकाकडे जा. ही ढोबळ परीक्षा झाली, खरा निकाल प्रयोगशाळेचा. शिसे आणि कॅडमियम तर घरी कळणारच नाही. खत नियंत्रण आदेशात दोन्हींची मर्यादा ठरलेली आहे, ती तपासणे सरकारचे काम आहे.

याच परीक्षेवरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जे भांड्यात होते तेच शेतात होते. झिंक सल्फेट डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून टाकू नका. माती परीक्षणात कमतरता दिसली तरच एकरी दहा किलो, शेणखतात कालवून द्या. पुढची दोन-तीन वर्षे त्याचा गुण राहतो. कमतरता नसेल तर पैसा गाठीला ठेवा.

या बैठकीतून आमच्या तीन मागण्या जाव्यात. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्याच रानातल्या मातीचा निकाल मिळावा. झिंक सल्फेटचे नमुने पेरणीआधी दुकानातून उचलले जावेत आणि त्यांचे निकाल तालुक्याला लावले जावेत. आणि जमिनीतून गेलेले जस्त भरून काढण्याचा खर्च पिकाच्या उत्पादनखर्चात धरला जावा.

जावरच्या कारागिराने वाफ होऊन उडणारे जस्त मुशीत धरले. आपले जस्त पोत्यापोत्याने बाहेर चालले आहे, आणि त्याची नोंद आजवर कोणाच्याही वहीत नाही. ती आधी आपल्या वहीत करू या.