पक्षांतर्गत मतदान : योग्यतेचा कौल की विजयाचा अंदाज?

सार्वत्रिक निवडणुकीत मत कोणाला द्यावे, याचा विचार आपण नेहमी करतो. मात्र एकाच पक्षातील इच्छुकांपैकी उमेदवार कोण असावा, हे मतदानाने ठरविण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच. वर्धा मतदारसंघात तो २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी आला. अमेरिकेतील ‘प्रायमरी’च्या धर्तीवर काँग्रेसने काही निवडक मतदारसंघांत हा प्रयोग केला. वर्ध्यात सागर मेघे व चारुलता टोकस यांच्यात लढत झाली. पहिले तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र, तर दुसऱ्या माजी प्रदेशाध्यक्षा प्रभा राव यांच्या कन्या. वारसा बाजूला ठेवून कौल घ्यावा, तर पर्याय दोन्ही घराण्यांतलेच!

अमेरिकेत अशा मतदानात सामान्य मतदारही भाग घेतो. येथे तो अधिकार मुख्यतः पक्षाचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यापुरता होता. कल्पना करा, की आर्वी तालुक्यातील रोहणा येथील असे एक पदाधिकारी तुम्ही आहात. मतपत्रिका हाती येताच मनात पहिला प्रश्न उभा राहतो, ‘निवडून कोण येईल?’ हा प्रश्न गैर नाही. पराभूत उमेदवार संसदेत आपले गाऱ्हाणे मांडू शकत नाही. तरीही माझ्या मते तो दुय्यम आहे. विजयाचा हिशेब म्हणजे इतर लाखो मतदारांच्या मनाविषयी बांधलेला तर्क. ज्याचे त्याने तो बांधावा आणि सर्वांनी मिळून चुकावे, असेही घडते.

वर्ध्यात सागर मेघे यांना कौल मिळाला. लोकसभेला मात्र भाजपचे रामदास तडस विजयी झाले. त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. टोकस यांची निवड झाली असती तर निकाल पालटला असता, असेही म्हणवत नाही. २०१९ मध्ये त्या उमेदवार होत्या आणि तडसांकडूनच पराभूत झाल्या. म्हणजे विजयाच्या अंदाजावर मत बेतणाऱ्याला दोन्हीकडून निराशाच आली असती.

याउलट, कापसाचे भाव कोसळले तेव्हा गावात कोण आले, पद नसतानाही कोणी विचारपूस केली, उद्या पक्ष अडचणीत सापडला तर कोण टिकेल, हे रोहण्याच्या पदाधिकाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागत नाही. त्यातले बरेचसे त्याने स्वतः पाहिलेले असते.