पाठ झालेली शिकवण

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत ज्या ‘यमुनापर्यटना’ची गणना होते, तिचे कर्ते बाबा पदमनजी हे बेळगावचे. १८३१ साली त्यांचा जन्म तेथे झाला, लंडन मिशनच्या शाळेत ते तेथेच शिकले आणि १८५४ साली बाप्तिस्माही त्यांनी तेथेच घेतला. त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे पुरी होण्यास आता फार अवधी उरलेला नाही. ती द्विशताब्दी हारतुऱ्यांनी साजरी होते की नाही, याची आम्हांस विशेष चिंता नाही. चिंता वाटते ती निराळीच. ज्या शिकवणीपायी या गृहस्थाने जातगोताचा दुरावा पत्करला, ती त्याच मुलखात इतकी ओळखीची होऊन बसली आहे की, ती ऐकून कोणाच्याही मनाला ओरखडा म्हणून उमटत नाही. हे केवळ ख्रिस्ती समाजाचेच झाले आहे असे नाही. आपल्याकडे ज्ञानेश्वरी पाठ असणारे थोडे का आहेत? परंतु पाठ असणे आणि उमगणे यांतील अंतर सीमाभागात जितके ठळकपणे दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे वचन तेथील प्रत्येक मंदिरात मराठीतून, कानडीतून, कोंकणीतून आणि इंग्रजीतून वाचले जाते. आपला शेजारी म्हणावे तरी कोणाला, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले, तेव्हा त्याने चांगल्या शोमरोन्याची कथा सांगितली. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी बगल देऊन गेले. शोमरोनी मात्र थांबला. कथा सर्वांस ठाऊक आहे. शोमरोनी म्हणजे दयाळू मनुष्य असा आपण अर्थ करून टाकला आहे आणि तेथेच तिची धार गेली आहे. यहुदी आणि शोमरोनी हे एकमेकांना लागून राहणारे, पूर्वजही एकच सांगणारे आणि तरीही उपासनेचे खरे स्थान कोणते यावरून पिढ्यानपिढ्या वैर जोपासणारे लोक होते. कथा संपल्यावर, यांतला खरा शेजारी कोण, असे येशूने विचारले असता त्या शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दसुद्धा निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो पुटपुटला.

हीच कथा बेळगावात सांगायची तर मराठी उपदेशकाने आपल्या मराठी श्रोत्यांपुढे त्या तिसऱ्या वाटसरूला कानडी करावे, आणि बगल देऊन जाणारे दोघे आपलेच ठेवावेत. कानडी उपदेशकाने त्याच्या उलट करावे. सोपे नाही ते! १ नोव्हेंबर १९५६ पासून जो सल या भागाच्या उरात आहे, ज्याच्यासाठी माणसांनी तुरुंग भोगला आणि प्राणही वेचले, तो एका प्रवचनाने निघणार नाही. मराठी भाषकांच्या न्याय्य मागणीविषयी आमच्या मनात किंतु नाही. महाराष्ट्राने २००४ साली तिच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आहे. परंतु हक्काचा दावा एकीकडे आणि रस्त्यात पडलेला मनुष्य दुसरीकडे. पहिल्यासाठी दुसऱ्याला ओलांडून जाता येत नाही, एवढेच ती कथा सांगते.

निपाणीची गोष्ट आणखी वेगळी. तेथे द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला वाचावा. भल्या पहाटे कामावर घेतलेल्याला आणि दिवस मावळताना घेतलेल्याला धन्याने सारखीच मजुरी दिली, यावर पहाटेचे मजूर कुरकुरले. या दाखल्याचा अर्थ देवाची अपार कृपा असा लावण्याची रीत आहे, आणि तो चुकीचा नाही. पण तंबाखूच्या या गावात, जेथे विड्या वळणाऱ्या बायांची मजुरी हजारावर मोजली जाते आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम पाण्यात जातात, तेथे त्या दाखल्यातले एक साधे वाक्य आधी ऐकू यावयास हवे. संध्याकाळपर्यंत रिकामे का उभे राहिलात, असे विचारल्यावर ते मजूर म्हणाले की, आम्हांला कोणी कामालाच लावले नाही. धन्याने दिलेला दीनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची त्या दिवसाची भाकर होती. १९८१ साली रास्त भावासाठी महामार्गावर बसलेल्या तंबाखू उत्पादकांवर जेथे गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गावाला श्रमाचे मोल या विषयावर भाष्यकाराची गरज पडू नये.

अर्थ हरवतो आणि पुन्हा सापडतो, तो बहुधा भाषेच्या वाटेने. फादर स्टीफन्स यांनी सासष्टीत ‘क्रिस्तपुराण’ रचले व ते १६१६ साली राशोलला छापले गेले. त्यामागचे कारण त्यांनीच ग्रंथात सांगितले आहे: जुनी पुराणे सुटली, मग आम्ही वाचावे काय, असा एका नवख्रिस्त्याचा सवाल होता. त्याला उत्तर ओवीतून मिळाले. रेव्हरंड टिळकांनी तेच अभंगातून दिले. बेळगाव जिल्ह्यातील देशनूरला जेझुइट धर्मगुरूंनी भगवी वस्त्रे आणि शाकाहार स्वीकारून विरक्त मठाच्या धर्तीवर मंदिर उभारले. हा केवळ वेषपालट आहे, असे म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटतात. आम्हांस ते पटत नाही.

आपल्याला उमगलेले दुसऱ्याला सांगण्याचा प्रश्न मात्र नाजूक आहे. कर्नाटकाच्या विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले ते डिसेंबर २०२१ मध्ये, बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. २०२२ साली त्याचा कायदा झाला आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचे ठरविले. आमिषाने वा धाकाने केलेले धर्मांतर निंद्यच होय. पण मनापासून पटलेली गोष्ट शेजाऱ्याच्या कानावर घालणे हा गुन्हा ठरू लागला, तर वारकऱ्याच्या कीर्तनालाही उद्या परवाना लागेल. त्याचबरोबर, माणसे मोजण्यालाच प्रसार समजणाऱ्या प्रचारकांनीही मिठाचा दाखला पुन्हा वाचावा. गोव्याच्या मिठागरांतले मीठ एके काळी लमाणांच्या बैलांवरून घाट चढून जात असे. ते घाटावरच्या आमटीत विरघळले म्हणूनच चव आली. कोणी त्याचे खडे मोजले नाहीत.

बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८८ सालचे. बेळगावातल्या ग्रंथालयांनी आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून त्याचे जाहीर वाचन ठेवावे, कानडी श्रोत्यांसाठी त्यातील उतारे कानडीत करावेत, आणि वाचनानंतर सभेला बोलू द्यावे. ज्यांना बाबांचे खंडनमंडन रुचणार नाही त्यांना तर आधी बोलावणे धाडावे.