आरएनए फवारणी : बोंडअळीवर उतारा की नुसती आशा?

‘जनुकालाच गप्प बसवणारं औषध निघालंय म्हणे, मग आपल्या बोंडअळीचं काय?’ असं शेतकरी बंधू हल्ली विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर घाईनं देण्यासारखं नाही.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं ‘कॅलांथा’ या आरएनए फवारणीची नोंदणी केली. ती बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी आहे. या किडीनं 50 हून अधिक कीटकनाशकं पचवली आहेत.

हे काम चालतं कसं? जनुक म्हणजे तलाठ्याचं मूळ दप्तर समजा. दप्तर जागचं हलत नाही. त्याचा उतारा, म्हणजे आरएनए, बाहेर जातो आणि त्यावरून प्रथिनं बनतात. तयार केलेला दुपदरी आरएनए पानावर फवारला आणि तो भुंगेऱ्याच्या पोटात गेला, की पेशीच त्याचे तुकडे करते आणि तुकड्याशी जुळणारा उतारा फाडून टाकते. दप्तर शाबूत, पण उताऱ्यावाचून काम ठप्प! पेशीतली टाकाऊ प्रथिनं साफ होत नाहीत, भुंगेरा खाणं सोडतो आणि मरतो. ही मूळ क्रिया फायर आणि मेलो यांनी 1998 मध्ये दाखवली. 2006 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

उतारा जुळेल त्याच किडीवर मारा, म्हणून मित्रकीटकांना धोका कमी. हा मोठा फायदा खरा.

पण बोंडअळीचं गणित वेगळं. पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यातले पाचकरस आरएनए लवकर फाडतात. शिवाय गुलाबी अळी बोंडाच्या आत बसते, तिथं फवारा पोचणार कसा? आणि प्रतिकाराचं भय इथंही आहेच. खुद्द कोलोरॅडो भुंगेऱ्यात प्रयोगशाळेत दुपदरी आरएनएला प्रतिकार तयार झाल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. 2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हा आपण निर्धास्त झालो, आश्रय ओळी लावायच्या टाळल्या आणि 2017 च्या हंगामात गुलाबी अळीनं हिशेब चुकता केला. तोच धडा पुन्हा गिरवायचा का?

तेव्हा ‘आरएनए’ नाव सांगून कुणी बाटली पुढं केली, तर लेबलावर नोंदणी क्रमांक, पीक आणि किडीचं नाव बघा. पक्कं बिल घ्या. ग्रामसभेतही हे सांगायला हवं. तोवर कामगंध सापळे लावा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, फरदड घेऊ नका. नवं शास्त्र येईल तेव्हा स्वागत करू, पण जुनी शिस्त सोडून नाही.