ओसरीवरून : उसनें बुबुळ

गेल्या वर्षीं ह्या सदरांत दोन महिन्यांचा खंड पडला, तेव्हां "मास्तर काशीस गेले काय?" अशी पृच्छा करणारीं पत्रें आलीं. त्यांचें उत्तर आज देतों. मी सीवूड्स येथील आमच्या बिऱ्हाडींच, उजव्या डोळ्यावर एक जाळीदार वाटी बांधून बसलों होतों. त्या डोळ्याचें पुढचें पटल बदललें, त्याची ही हकीकत.

वयाच्या चौदाव्या वर्षीं रोह्याकडील आमच्या गांवीं भातकापणींत एक पातें डोळ्यास लागलें. दवाखान्यांत नेण्याऐवजीं घरगुती उपचार झाले, व्रण चिघळला आणि बुबुळावर फूल पडलें तें कायमचें. सुश्रुतानें नेत्राचीं पांच मंडलें सांगितलीं आहेत. त्यांतील कृष्णमंडलाच्या रोगांत 'अव्रण शुक्र' म्हणून जो आहे, त्याच्याशीं माझें फूल जुळतें, हें पुढें संस्कृत शिकतांना ध्यानांत आलें. नांव सांपडलें, दृष्टि कांहीं सांपडली नाहीं. एका डोळ्यावर छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. वयोमानानें तोहि मंदावूं लागला, तेव्हां चिरंजीवांनीं मला डॉक्टरांपुढें नेऊन बसविलें.

बुबुळावर घड्याळाच्या कांचेसारखें एक पारदर्शक पटल असतें. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. माझ्यासारख्यास ही कांच मृत मनुष्याच्या डोळ्यांतूनच मिळावयाची. असा पहिला यशस्वी प्रयोग मोराव्हियांतील ओलोमूत्स गांवीं एडुआर्ड त्सिर्म ह्या डॉक्टरानें 7 डिसेंबर 1905 रोजीं केला. चुन्यानें डोळे पोळलेला एक मजूर आणि अपघातामुळें ज्याचा डोळा काढावा लागला असा अकरा वर्षांचा एक मुलगा, ह्या दोघांची ती गांठ. मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर पटल बसविलें. एकच टिकलें, पण तेवढ्यावर तो पुन्हां कामास लागला. आपल्या देशांत मद्रासेस 1945 सालीं नेत्रपेढी निघाली, आणि मुंबई राज्यानें ह्यासंबंधीं कायदा केला तो 1957 सालीं.

आतां तयारीविषयीं. पडद्यामागील शीर शाबूत आहे कीं नाहीं, डोळ्यांतील दाब किती, हें आधीं पाहिलें. शीरच गेली असेल तर पुढची कांच बदलून उपयोग नाहीं. मधुमेह आवरावयास लावला, किडका दांत काढविला. सूनबाईनें औषधांचा तक्ता आंखला आणि मला आरशाशिवाय थेंब घालण्याचा सराव करविला. पहिले चार दिवस थेंब गालावरच पडत. वर्गांत हंशा पिकावा तशीं नातवंडें हंसत. ह्यानंतर उरतें तें वाट पाहणें. दूरध्वनि सदैव हाताशीं ठेवा, एवढीच आज्ञा.

श्रावणांतल्या एका सकाळीं तो वाजला. पटल आलें आहे, दुपारपर्यंत या. घरांत एकदम आनंदीआनंद झाला. सूनबाईनें शिऱ्यासाठीं रवा भाजावयास घेतला. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती माजघरांतून म्हणाली, "शिरा आज नको, बाई. कुणाच्या तरी घरीं आज चूल पेटली नसेल." कढई खालीं उतरली. तोंवर आम्हांपैकीं कोणाच्याहि मनांत ही गोष्ट आली नव्हती.

आमच्या काकांस तर हा प्रकारच अमान्य. अंत्येष्टीच्या मंत्रांत मृताचा डोळा सूर्याकडे जावो अशी प्रार्थना आहे, मग तो तुझ्या खोबणींत कसा, असा त्यांचा सवाल. मीं रामायणांतील अलर्क राजाचा दाखला दिला, त्यानें याचक ब्राह्मणास स्वतःचे डोळे काढून दिले. काका ताडकन् म्हणाले, "तो दाखला कैकेयीच्या तोंडचा आहे!" हें खरेंच असल्यामुळें मी निरुत्तर झालों. पण आई म्हणाली, "सूर्याकडे जायचें तें तेज. कांच इथें राहिली तर सूर्याचें काय अडलें, भाऊजी?" मला हा अर्थ मानवला, काकांस अद्याप मानवलेला नाहीं.

शस्त्रक्रियेस तासाभराहून थोडा अधिक वेळ लागला. आठ मिलिमीटरांची गोल चकती, भोंवतीं सोळा टांके, धागा केसाहून बारीक. पट्टी सुटली तेव्हां दिसलें तें केवळ दाट धुकें. हें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें, कारण मोतीबिंदूप्रमाणें दुसऱ्याच दिवशीं लख्ख दिसेल ह्या अपेक्षेनें पुष्कळजण खचतात. टांके महिनोमहिने ठेवतात, कांहीं बेतानें काढतात, आणि कायमचा चष्मा मिळण्यास वर्ष लागतें. डोळा चोळावयाचा नाहीं, त्यांत पाणी जाऊं द्यावयाचें नाहीं, ओझें उचलावयाचें नाहीं, खालीं वांकावयाचें नाहीं. गणपतीपुढें मीं उभ्यानेंच हात जोडले. धाकट्या नातीस मात्र आजोबा कडेवर कां घेत नाहींत हें पटेना. पामबीच रस्त्याकडून वारा व धूळ येते, म्हणून गच्चीवरहि चष्म्यावांचून बंदी.

पटलांत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांस हा परका पाहुणा सहसा उमगत नाहीं व रक्तगटहि जुळवावा लागत नाहीं. पण उमगला कीं ते त्याच्यावर धांवून जातात. त्यांना गुंगवीत ठेवण्यासाठीं ते थेंब. चौथ्या महिन्यांत मला बरें वाटूं लागलें. थेंबांचा कडूपणा घशांत उतरे, त्याचाहि कंटाळा आला होता. कोणास न सांगतां मीं चार वेळांचे थेंब एकवार केले आणि तक्त्यावर खुणा मात्र चारहि करीत राहिलों. खोट्या सह्या करणाऱ्या मुलांस मीं जन्मभर बांकावर उभें केलें!

संक्रांतीच्या सुमारास डोळा लाल झाला, उजेड टोंचूं लागला, समईभोंवतीं कडें दिसूं लागलें. तिळगुळाच्या गडबडींत कांहीं गेलें असेल, असें म्हणून मीं दोन दिवस लपविलें. तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें माझा चेहरा पाहिला, मग तक्ता पाहिला, मग बाटली हलवून पाहिली. ती अर्ध्याहून अधिक भरलेली होती. एक शब्द न बोलतां तिनें रिक्षा बोलाविली. डॉक्टर म्हणाले, "आणखी चार दिवस गेले असते तर पटल गेलें असतें." दर तासास थेंब, रात्रींहि, ते घालण्यास सूनबाई पंधरा दिवस गजर लावून उठली. पटल वांचलें, पण एका कडेस पुसट डाग राहिला तो राहिलाच. लाली, उजेडाची टोंच, अंधुकपणा, वेदना, ह्यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर त्याच दिवशीं गेलें पाहिजे, आणि हें भय कैक वर्षें उरतें.

मार्चांत एका संध्याकाळीं डावा डोळा झांकून तळ्याकडे पाहिलें. पाण्यावरचा पांढुरका पट्टा सुटा सुटा झाला आणि त्यास लांब पाय फुटले. ते रोहित पक्षी होते. देणारा कोण होता, म्हातारा कीं तरुण, पुरुष कीं स्त्री, हें नेत्रपेढी सांगत नाहीं. त्याच्या वर्षश्राद्धाची तिथि माझ्या ऑपरेशनाच्या आगेमागें असावी, एवढाच माझा तर्क.

आईनें गेल्या महिन्यांत नेत्रदानाचा अर्ज भरला. मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात काय, हें तिनें स्वतः विचारून घेतलें, चालतात. अर्ज भरला तरी ऐनवेळीं घरच्यांनींच कळवावें लागतें, आणि तेंहि लगेच, कारण डोळे सहा तासांच्या आंत काढावे लागतात. म्हणून नेत्रपेढीचा क्रमांक तिनें कालनिर्णयाशेजारीं भिंतीवर डकवावयास लाविला. खालीं माझ्याकडून लिहून घेतलें : पापण्या मिटाव्या, वर ओला कापूस ठेवावा, डोकें उशीवर उंच ठेवावें, पंखा बंद करावा. लिहून झाल्यावर तिनें कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि परत दिला. "पंख्याचें मोठ्या अक्षरांत लिही," ती म्हणाली, "तेव्हां तुमच्या कुणाच्या लक्षांत राहायचें नाहीं."