बोटाला हात

आमच्या तळेगावच्या घरात पुस्तकांच्या कपाटावर एक होडी आहे. हातभर लांब, चारेक बोटे रुंद, काळपट लाकडाची. माझ्या बदल्यांबरोबर ती निम्मा महाराष्ट्र फिरली. सामानाच्या ट्रंकेत, धोतरात गुंडाळून. दसऱ्या-दिवाळीला धूळ पुसण्यापलीकडे तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. परवा माझी सातवीतली नात मैत्रिणींबरोबर पवना धरणावर सहलीला गेली. केशरी रंगाच्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसून, दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारत तासभर पाण्यात हिंडली. घरी आल्यावर तिने स्टुलावर चढून कपाटावरची होडी खाली काढली आणि विचारले, “आजोबा, या कयाकला बाजूला हा दांडा कशाला?”

ती कयाक नव्हे, आणि तो दांडा नव्हे, ती उलांडी. होडी लाटेवर कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या काठ्यांना बांधलेला ओंडका. मी एवढे सांगितले खरे, पण त्या निमित्ताने मीही ती होडी कित्येक वर्षांनी प्रथमच नीट पाहिली.

साल १९८७. माझी नेमणूक मालवणच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका शाखेत झाली होती. मच्छीमारांना होडीसाठी कर्ज द्यायचे, ही वरून आलेली योजना. एके दिवशी एक म्हातारा सुतार आणि त्याच्याकडून होडी बांधून घेऊ पाहणारा रापणकर असे दोघे आले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. ते समुद्रात टाकून यायला जी होडी लागते, तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकत नाहीत. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवतात. फटीत काथ्या ठासतात, वरून तेल चोपडतात. लाटेबरोबर वाळूवर आपटली तरी अशी होडी तडकत नाही. शिवण थोडी लवते आणि होडी वाचते.

मी फॉर्म काढला. कोटेशन? नाही. नकाशा? नाही. अंदाजपत्रक? त्यावर सुताराने पिशवीतून ही होडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. “ह्योच माझो कागद, सायबानू. बोटाक हात.”

मला वाटले, म्हातारा हात जोडतो आहे, की बोटांबिटांचे काही सांगतो आहे. मी हसलो. फॉर्मला खेळणे जोडता येत नाही, असे काहीतरी बोललोसुद्धा. त्या सुमारास फायबरच्या होड्या येऊ लागल्या होत्या. त्यांचे छापील कोटेशन मिळे, शिक्क्यासह. रापणकराला मी तो मार्ग सुचवला आणि कागदावर ‘तांत्रिक तपशिलाअभावी नामंजूर’ असा शेरा मारला. सुतार होडी टेबलावर तशीच ठेवून गेला. विसरला, रागावला की मला दिली, ते मी कधी विचारले नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. कयाक हा मूळ शब्द उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचा. ग्रीनलंड-कॅनडातले इन्युइट आणि अलास्कातले युपिक यांची ही शिकारीची होडी. तिकडे झाडे नाहीत म्हटले तरी चालेल. नद्यांतून वाहत येऊन किनाऱ्याला लागलेले लाकूड जमवायचे, त्याचा सांगाडा खुंट्यांनी आणि चामड्याच्या वादीने बांधायचा, आणि त्यावर सीलचे कातडे शिवून चढवायचे. शिवणकाम बायकांचे. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे पाणी आत येत नाही. माझ्या आईची गोधडी आठवली. तिच्या टाक्यांत मात्र पाणी अडवायची जबाबदारी नव्हती! आणि मापे? ज्याची होडी त्याच्या अंगाची. त्याची वाव, त्याचा हात, त्याच्या मुठी. ग्रीनलंडमधले वल्हेही माणसाच्या उंचीवर बेतलेले आणि पाते त्याच्या पंजात मावेल एवढेच अरुंद. दुसऱ्याची कयाक म्हणजे दुसऱ्याची चप्पल.

हेच लोक लहान नमुन्याच्या कयाकही करत. काही मुलांना खेळायला, काही देवमासे मारायला आलेल्या गोऱ्या खलाशांना विकायला. त्या आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. बंदुका आल्या, मोटरबोटी आल्या आणि ग्रीनलंडात कयाक मागे पडली. मग १९८५ मध्ये तिथल्या लोकांनीच कयाकसाठी संस्था काढली आणि तरुण पोरे पुन्हा सांगाडे बांधू लागली.

आपल्याकडे असे होणार नाही, असे मी म्हणालो असतो. पण एक उदाहरण नुकतेच घडले आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे, पाचव्या शतकातले. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पोटात, कोणी रंगवले असेल कोण जाणे. त्या चित्रावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवल्या. चौकोनी शिडे, सुकाणूऐवजी मोठी वल्ही. जुना नकाशा कुठलाच नव्हता. म्हणून नौदलाच्या लोकांनी आराखडा बसवला आणि मद्रासच्या आय.आय.टी.त त्याचा लहान नमुना पाण्यात तपासून पाहिला. मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले.

बातमी वाचून ऊर भरून आला. पण बँकेतली खोड जात नाही, मी बेरीज-वजाबाकी करत बसलो. चित्रात बाहेरचा आकार होता. तो कागदावर उतरवता आला. टाका कसा घालायचा, दोरी किती ताणायची, हे चित्रात नव्हते. ते माणसांच्या हातात शिल्लक होते म्हणून जहाज तरंगले. आणखी पंचवीस वर्षांनी हाच खटाटोप केला असता तर?

शेजारचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. आमच्या या पट्ट्यात नकाशाशिवाय साधा नटसुद्धा होत नाही. नातीने होडी त्याच्यापुढे नाचवली, तेव्हा त्याने खिशातून व्हर्निअर काढला (हे लोक रविवारीही तो जवळ बाळगतात). आतल्या आडव्या पट्ट्या मोजल्या. प्रत्येक अंतर सारखे. “काका, हे शोभेचे नाही. पक्क्या मापात केलेले मॉडेल आहे. फक्त माप कुठले ते कळत नाही.”

तेव्हा, जवळजवळ चाळीस वर्षांनी, माझ्या डोक्यात उजेड पडला. बोटाक हात. नमुन्यात एक बोट, तिथे होडीत एक हात. आपल्या जुन्या मापात चोवीस बोटांचा एक हात. म्हणजे एकास चोवीस. हातभर नमुन्याची चोवीस हात होडी, छत्तीस फूट. लांबी, रुंदी, फळ्यांची संख्या, भोकांची अंतरे, वल्ह्याचे पाते, सगळे त्यात होते. म्हाताऱ्याने मला नकाशाच दिला होता. तांत्रिक तपशिलाअभावी!

फायबरला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. शिवलेली होडी उसवून पुन्हा शिवावी लागते, लाकूड महाग, तेलपाणी वेगळे. ज्याला पहाटे जाळे टाकायचे आहे त्याने आमच्या हळहळीसाठी लाकूड वापरावे, असे म्हणायचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच, की किनाऱ्यावर गावोगाव जे दोन-चार म्हातारे सुतार उरले असतील, त्यांच्याकडून त्यांच्या मजुरीला मान देऊन एकेक नमुना करून घ्यावा. करताना त्यांच्याजवळ कोणीतरी वही घेऊन बसावे आणि तो नमुना मुंबईच्या संग्रहालयात नव्हे, त्याच गावच्या शाळेत ठेवावा. मुलांनी हाताळून एखादी फळी मोडली तरी हरकत नाही. जोडायला कोण बसते ते तरी कळेल. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकांना जेवढा खर्च येतो, तेवढ्यात एक तालुका आटपेल.

सुतार आता हयात नसणार. त्याचा मुलगा फायबरच्या होड्या दुरुस्त करतो, असे तिकडच्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत नातीला घेऊन तिकडे जायचे ठरवले आहे. होडी बरोबर नेणार आहे. मुलाला ती दाखवायची आहे. नुसती दाखवायची की देऊनच यायची, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.